घोळीचा वाफा

टँकर दिसायच्या आधी त्याची धूळ दिसायची. आष्टीच्या सडकेवरून तो भोपळमाळाकडं वळला की खडीवर पांढरा लोट उठायचा, आणि वस्तीवरच्या बाया हातातलं काम टाकून पाराकडं निघायच्या. पारापाशी घागरी, कळशा, निळे ड्रम सकाळपासूनच ओळीनं मांडलेले असायचे. बंकट धनगराच्या घरचा ड्रम काठापाशी चिरलेला होता. त्यामुळं त्याची सून संगीता तो पुरता भरू द्यायची नाही. चिरेच्या खाली पाणी असतानाच ती ड्रम ओढून घ्यायची आणि उरलेलं कळशीत मागायची. पाईप धरणारा तानाजी त्यावरून रोज कुरकुरायचा.

तानाजी हा अर्जुनरावांचा माणूस. टँकर सरकारी असला तरी तो कुठं उभा राहायचा, कुणाचा ड्रम आधी भरायचा, हे अर्जुनराव ठरवायचे. वस्तीभोवतालचं बरंचसं रान त्यांचं होतं, आणि पारावर त्यांची बसायची जागा ठरलेली होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःची मोसंबीची बाग तोडली होती. विहिरीचा तळ उघडा पडला, बोअर घेतले त्यांतून नुसता फुफाटा उडाला. शेवटी एके सकाळी माणसं लावून झाडं बुडख्यातून कापली. लाकडं अजून बांधावर पडून होती आणि अर्जुनराव त्या बांधावरून जायचं टाळत होते.

बंकटच्या घरात सध्या तिघंच होती. मुलगा लखन दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरला होता. बंकट आयुष्यभर मेंढरांमागं चालला, पण मागच्या साली कालव्याच्या भरावावरून पाय घसरला, गुडघा गेला, आणि तेव्हापासून तो दारात बसून लोकरीची सूतकताई करायचा. मेंढरांशिवाय बसलेला धनगर कसा दिसतो ते संगीता रोज बघत होती. तो बोलायचा कमी, आणि कुणी रस्त्यानं गेलं की हातातली सूत कातायची चाती खाली ठेवायचा. काम करताना दिसायचीही त्याला लाज वाटायची, बसलेलं दिसायचीही.

घोळीची भाजी संगीतानं माहेरून आणली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला ती चुलतबहिणीच्या हळदीला गेली, तेव्हा येताना ओल्या फडक्यात घोळीची खोडं गुंडाळून आणली. ताराबाई, तिची सासू, ते बघून हसली होती.

"तण लावतीस व्हय गं? लोक खुरपून टाकत्यात ते."

न्हाणीच्या मागं, भांड्यांचं पाणी जिथं वाहून जायचं तिथं, संगीतानं खुरप्यानं जमीन उकरली, खडे वेचले आणि ती खोडं नुसती टोचून दिली. जमीन असली तसलीच, मुरमाड. पण घोळीला त्याचं काही वाटलं नाही. पंधरवडा गेला नाही तोवर तिचे तांबूस देठ जमिनीवर पसरले, जाड जाड पानं फुटली आणि सकाळच्या उन्हात पिवळी बारीक फुलं उघडायला लागली. राखेनं घासलेल्या भांड्यांचं गढूळ पाणी सोडलं तर तिला दुसरं काही मिळत नव्हतं. एखाद्या दिवशी भांडी कोरडीच राखेनं पुसून घ्यावी लागायची, त्या दिवशी तेही नाही.

त्या दिवसांत आष्टीच्या बाजारातली भाजी परवडायची तर नाहीच, पण बघवतही नव्हती. कोमेजलेली मेथी, पिवळी पडलेली कोथिंबीर. संगीतानं पहिल्यांदा घोळ खुडली, मुगाची डाळ आणि लसूण घालून शिजवली आणि भाकरीवर वाढली, तेव्हा बंकटनं दुसऱ्यांदा मागून घेतली. खाताना त्याच्या कपाळाला घाम आला. कडेला बसलेल्या ताराबाईनं तण हा शब्द पुन्हा काढला नाही.

शेजारच्या छबुबाईला संगीतानं दोनदा मूठभर दिली. छबुबाईचा दोडक्याचा वेल त्याच उन्हाळ्यात मांडवावर जागच्या जागी वाळून गेला होता. भाजी घेताना ती वाफ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, आमच्या परसात तर गवतबी न्हाई, तुमच्यात बरं एवढं हिरवं राहतं. संगीताला तो बोल लागला, पण तिनं तो मनावर घेतला नाही.

मग एका दुपारी तानाजी मोटारसायकल थांबवून परसाच्या गडग्याबाहेर उभा राहिला, मोबाईल वर धरला आणि गेला. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर तो फोटो होता. उजाड माळ, दगडी गडगा आणि मधोमध हिरवागार वाफा. खाली तानाजीनं लिहिलं होतं, टँकरच्या पाण्यावर बागायत.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा तानाजीनं संगीताचा ड्रम पायानं ओळीबाहेर सरकवला. ती विचारायला गेली तर त्यानं पाराकडं बोट केलं. अर्जुनरावांनी बंकटला बोलावणं धाडलं होतं. काठी टेकत, पाय ओढत बंकट आला. बायांची ओळ समोरच उभी होती.

अर्जुनराव ओरडले नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली गेला होता.

"लेकरावानी वाढीवलेली मोसंबी म्या तोडली, बंकट. कावून तोडली? टँकरचं पाणी माणसाला हाय, झाडाला न्हाई म्हून. आन् तुमी भाजीपाला पिकीवता?"

बंकट म्हणाला, आबा, ते भांड्याचं पाणी हाय.

"भांड्याचं पाणी काय आभाळातून येतं व्हय बे?"

माणसं हसली. बायांतलीही एक-दोन हसली. बंकट आणि अर्जुनराव एका वयाचे. लहानपणी एकाच ओढ्यात पोहलेले. पोरासोरांना म्हणावं तसं ते 'बे' बंकटच्या अंगावर पडलं आणि त्यानं मान खाली घातली. संगीता घागर धरून उभी होती. घासलेल्या भांड्यांचं ते राखाडी पाणी पिऊ का मग, असं तिच्या तोंडाशी आलं होतं, पण सासऱ्याच्या तोंडावर आपण बोललो तर त्याची मान आणखी खाली जाईल, म्हणून ती गप्प राहिली. वाफा उपटेपर्यंत बंकटच्या घराला पाणी नाही, असं ठरलं.

घरी आल्या आल्या बंकटनं खुरपं मागितलं. संगीता न्हाणीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"मामा, राहू द्या. आपण चोरी केली न्हाई."

"केली का न्हाई ते मला कोण पुसतंय?" बंकट म्हणाला. "सर तिकडं."

लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याला एवढंही कधी सांगितलं नव्हतं. ती सरकली. बंकट दुखरा पाय पुढं ताठ सोडून वाफ्यात बसला आणि उपटायला लागला. घोळीची मुळं उथळ, खुरपं लागलंच नाही. हातानं ओढली की येत होती. तो मूठ भरून गडग्यावर फेकायचा, पुन्हा भरायचा. फेकताना तो एकदाही मागं बघत नव्हता. वाफा मोकळा झाला, आणि मग त्याला उठता येईना. त्यानं काठी रोवली, जमीन भुसभुशीत होती, काठी आत गेली. पुन्हा रोवली, पुन्हा गेली. संगीतानं पदर खोचला, मागून त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचललं. त्याच्या सदऱ्याला लोकरीचा आणि तंबाखूचा वास येत होता. ती समजत होती त्यापेक्षा तो हलका झाला होता. उभा राहिल्यावर त्यानं तिच्याकडं तोंड केलं नाही.

पाणी सुरू झालं. तीन माणसांचं जगणं पुन्हा त्या चिरलेल्या ड्रमावर आलं.

पण घोळ मेली नव्हती. गडग्यावर उन्हात पडलेले देठ सुकल्यासारखे दिसायचे, पण हात लावला तर आत ओल असायची. वाफ्यात राहिलेल्या तुकड्यांनी तर पेरापेरातून मुळं सोडली होती. भांड्यांचं पाणी त्याच वाटेनं जात होतं. संगीताला एके सकाळी मातीत लाल टोकं दिसली. ती खाली बसली. उपटायला हात गेला आणि तिथंच थांबला. कुणाला सांगितलं नाही, पाणीही जास्तीचं घातलं नाही. फक्त उपटली नाही. आठवड्याभरात निम्मा वाफा पुन्हा भरला.

तानाजीनं ते बघितलं. या वेळी पारावर कुणी बोलावलंच नाही. बंकटच्या घरानं गावाला फसवलं, आबाच्या तोंडावर एक आणि मागं एक, अशी बोलवा झाली, आणि संगीताचा ड्रम ओळीतून उचलून थेट बाभळीखाली नेऊन उपडा टाकला गेला. घरी आल्यावर ताराबाईनं तिला विचारलं, तू पुन्यांदा लावलीस? संगीता म्हणाली, लावली नाही. मग थोडं थांबून म्हणाली, पर उपटलीबी न्हाई.

त्या रात्री जेवण उरकल्यावर लखनचा फोन आला. गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. तो म्हणाला, ते काय हाय ते उपटून जाळ. पाऊस पडल्यावर मेंढरं घेऊन कुठं बसायचं आपण? आबाच्या रानाशिवाय जागा हाय का? हे खरंच होतं. पावसाळ्यात कळप माघारी आला की अर्जुनरावांच्याच पडीक रानात बसायचा. त्यांच्या रानाला खत मिळायचं, यांच्या मेंढरांना चारा. अर्जुनरावांनी नाही म्हटलं तर सगळा कळप रस्त्यावर. संगीतानं ऐकून घेतलं आणि फोन सासूकडं दिला.

आता पाणी ओढ्यातून आणायचं. ओढा कोरडाच होता, पण वाळूत हातभर उकरलं की झिऱ्यात पाणी जमायचं. वाटीवाटीनं ते भरायचं, फडक्यानं गाळायचं आणि चढणीनं वर आणायचं. संगीता पहाटे एक खेप करायची, ऊन उतरल्यावर दुसरी. डोक्यावरच्या चुंबळीखाली केस गळायला लागले. मान अशी आखडली की हाक आली तरी सगळं अंग वळवावं लागायचं. टँकरची धूळ उठली की ती त्या बाजूला पाठ करून चालायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताराबाई सुनेला न सांगता कळशी घेऊन निघाली. चढणीवर मुरमावरून तिचा पाय सरकला. कळशी सोडायची नाही म्हणून तिनं दुसरा हात टेकला, आणि मनगट वाकडं झालं. संगीता धावत गेली तेव्हा ती वाटेत बसून होती, पोचा आलेली कळशी मांडीशी धरून, आणि सांडलेल्या पाण्यानं ओली झालेली माती बघत होती. हाताकडं बघत नव्हती. कडा गावच्या दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. येताना जीपमध्ये ताराबाई एवढंच म्हणाली की कळशी भरलेली होती, अर्धी तरी घरी यायला पाहिजे होती.

संगीता घरी आली ती थेट वाफ्यात गेली. दोन्ही हातांत देठ धरले. एक हिसका दिला असता तर काम झालं असतं, तानाजीला बोलावून दाखवता आलं असतं, दुसऱ्या दिवशी पाणी आलं असतं. तिला स्वतःचा राग येत होता. सासूचा हात आपल्या हट्टापायी मोडला असं वाटत होतं. पण हेही कळत होतं की आता उपटली तर जे म्हणाले ते सगळं खरं ठरणार. चोरीही, फसवणूकही. ती तशीच बसून राहिली. हात मोकळे केले तेव्हा तळव्यांना घोळीचा चिकट रस लागला होता.

दोन दिवसांनी, ऐन उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसताना, सत्यशीला मागच्या बाजूनं आली. ती अर्जुनरावांची सून. अंबाजोगाईला कॉलेज केलेली, माहेरी स्कूटर चालवणारी, इथं मात्र डोक्यावरचा पदर खाली न पडू देणारी. टँकरच्या ओळीत ती कधी उभी राहिली नव्हती. त्यांची टाकी आधी भरली जायची. संगीताशी तिचं आजवर लग्नकार्यातलं बोलणं सोडून बोलणं नव्हतं.

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि भाजी मागितली.

तिच्या सासूबाई, बायनाबाई, तापातून उठल्या होत्या, पण अन्न घेत नव्हत्या. सलाईन लावून आणलं, डॉक्टरांनी खायला घाला म्हणून सांगितलं. खिचडी केली, पेज केली, शिरा केला. घास तोंडात फिरवायच्या आणि काढून ठेवायच्या. काल सत्यशीलाच्या मोबाईलवर त्यांनी तो फोटो बघितला. बघून म्हणाल्या, ही तर घोळ. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं आम्हाला हीच घालून जगवलं. ही असंल तर खाईन.

"मामांना ठाऊक नाही," सत्यशीला म्हणाली. "मूठभर द्या. मी पदराखालून नेते."

ताराबाई आत प्लास्टरचा हात छातीशी धरून पडली होती, ओढ्याचं गाळलेलं पाणी घागरीत तळाशी होतं, आणि ज्या घरानं ही वेळ आणली त्या घरची सून पदराखालून भाजी न्यायला आली होती. नाही म्हणावं आणि दार लावून घ्यावं, असं तिच्या मनात आलं. पण मनासमोर बायनाबाई आल्या. संगीता नवी नवरी म्हणून वस्तीवर आली तेव्हा सगळ्यात आधी ओटी भरायला त्याच आल्या होत्या, आणि जाताना तिच्या हातावरून हात फिरवून गेल्या होत्या.

"देते," ती म्हणाली. "पर चोरून न्हाई. म्या घेऊन येते, म्होरल्या दारानं."

सत्यशीलाचा चेहरा उतरला. तिनं विनवलं, मामा घरीच आहेत, माणसं बसलेली आहेत, तुमचंही हसू होईल आणि माझंही. संगीता म्हणाली, तुमी जा म्होरं. आणि ती खुडायला बसली.

अर्जुनरावांच्या ओसरीवर तीन-चार माणसं होती. त्यांत सुंदरराव, त्यांचा जुना सोबती, पंख्याखाली पाय सोडून बसला होता. संगीता पायरीपाशी उभी राहिली. पदराच्या ओच्यात घोळ होती, हिरवी आणि तांबूस, लपवलेली नव्हती. बोलणं थांबलं. अर्जुनरावांनी काय काम म्हणून विचारलं.

"बायनाकाकूंनी घोळ मागिवली. घेऊन आले."

"कुणी सांगितलं तुला?" अर्जुनराव म्हणाले. "आमच्या घरचं कोण गेलतं तुझ्याकडं?"

आतल्या दारात सत्यशीला चहाचा ट्रे घेऊन आलेली होती आणि तिथंच थांबली होती. संगीतानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. नाव घ्यायचं नाही, असं ती वाटेतच ठरवून आली होती. नाव घेतलं नाही तर आपण खोटी पडू, आणि या वेळी बंकटच्या घराचं खोटेपण या ओसरीवर पक्कं होईल, हेही तिला कळत होतं. सुंदरराव हसून म्हणाला, आता घरात शिरायला भाजीचं निमित्त. कुणीतरी खाकरलं.

"मी गेलते, मामा," सत्यशीला म्हणाली.

तिनं ट्रे खाली ठेवला. पदर सारखा केला. सासऱ्याकडं न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली की आत्याबाईंनी सांगितलं म्हणून गेले, आणि आत्याबाई चार दिवस उपाशी आहेत.

अर्जुनरावांनी हातातलं विड्याचं पान उघडलं, पुन्हा मिटलं. संगीता पायरी चढून आत गेली.

भाजी तिनंच केली. निवडून, धुवून, बारीक चिरून. धुतलेलं पाणी कुठं टाकू म्हणून विचारलं तेव्हा सत्यशीलानं ते बादलीत ओतून ठेवलं. लसणाची फोडणी, मुगाची डाळ, वरून शेंगदाण्याचं कूट. बायनाबाई भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या गळ्याखालची कातडी सैल लोंबत होती. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. सत्यशीला वाटी घेऊन तयार होती, त्या काढून ठेवतील म्हणून. त्यांनी गिळला.

"आंबटच हाय आजून," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास घेतला.

अर्जुनराव चौकटीत येऊन उभे राहिले होते. बायकोच्या हाताकडं, भाकरीच्या तुकड्याकडं, तोंडाकडं ते बघत होते. अर्धी भाकरी संपली. बाहेर माणसं चहा पिऊन निघून गेली तरी ते तिथंच होते. संगीता हात धुवून निघाली तेव्हा ते भिंतीकडं बघून म्हणाले की उद्यापासून टँकरच्या नंबराला येत जा.

ती गेली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. लखनचा फोन तिच्या कानात होता, मेंढरं डोळ्यांसमोर होती. तरी ती थांबली.

"येईन, आबा. पर मामांना पारावर बोललाव. सगळ्या बायांत बे म्हणलाव. ते तितंच मिटवा. आन् त्याच्या आदी वाफा येऊन बघा. मी म्हणते म्हून मानू नका."

"लई बोलतीस," अर्जुनराव म्हणाले.

आपण काय करून बसलो ते चढणीवर आल्यावर तिला नीट समजलं. तिनं ताराबाईला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. सासू रागावेल, लखनला फोन लावेल, असं तिला वाटलं होतं. ताराबाईनं आढ्याकडं बघत विचारलं, भाजी डाळीत टाकलीस का नुसत्या कुटात? डाळीत, संगीता म्हणाली. बरं केलंस, म्हणाली ताराबाई. बंकटला मात्र दोघींनीही काही सांगितलं नाही.

सकाळी अर्जुनराव आले. एकटेच, पायी. बंकट दारात होता. त्यानं घाईनं चाती लपवली, उठायला गेला, जमलं नाही, मग घोंगडी पुढं सरकवली. त्याला वाटलं, आता घरावरच आले. अर्जुनराव घोंगडीवर बसले नाहीत. घराला वळसा घालून मागं गेले. संगीता न्हाणीपाशी भांडी घासत होती. ती उठून बाजूला झाली.

ते वाफ्यापाशी उकिडवे बसले. पानं बाजूला सारली आणि बोटं मातीत घातली. माती वर कोरडी होती, बोटभर खालीही कोरडीच. चिमूट काढून त्यांनी ती चुरली, ती पिठासारखी उडाली. मग न्हाणीच्या तोंडाशी सरकले. तिथं हातभर जागा काळपट होती, राखेची कीट बसलेली, आंबूस वासाची. त्यांनी बोटं हुंगली. घोळीचं एक पान तोडून चिमटीत दाबलं, तर त्यातून पाणी निघून नखावर आलं. उभा जन्म मातीत घालवलेला माणूस होता तो, त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"माझ्या रानातून हीच खुरपून फेकीत आलो," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. उठले, धोतर झाडलं आणि आले तसे गेले.

बंकटनं संगीताला हाक मारली. काय म्हणले, विचारलं. काही न्हाई म्हणले, ती म्हणाली. आणि मग म्हणाली, मामा, आज टँकरला तुमी संगं चला.

तो नको म्हणाला. ज्या पारावर मान घातली तिथं पुन्हा कशाला. ताराबाई आतून म्हणाली, जावा. प्लास्टरचा हात घेऊन ती दारापर्यंत आली आणि तिनं त्याची काठी त्याच्या हातात दिली.

धूळ उठली तेव्हा ती दोघं अर्ध्या वाटेवर होती. पारापाशी ओळ लागलेली होती. अर्जुनराव त्यांच्या जागेवर बसले होते, सुंदरराव शेजारी. ओळीच्या टोकाला सत्यशीला उभी होती, हातात रिकामी घागर घेऊन. तिला तिथं बघून बाया आपापसांत कुजबुजत होत्या. संगीतानं बाभळीखालचा ड्रम उचलला, काठाची माती झटकली आणि ओळीत ठेवला. तानाजीनं पाईप हातात धरून पाराकडं बघितलं.

"भर त्यांचा," अर्जुनराव म्हणाले.

बंकटनं दोन्ही हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर एवढं हायसं वाटणं पसरलं की संगीताला ते बघवेना. तो ड्रमाकडं वळला. तिनं ड्रमाच्या तोंडावर हात ठेवला.

"थांबा, मामा."

तानाजीनं पाईप सोडला होता. पाणी ड्रमावर, तिच्या हातावर, मातीवर पडायला लागलं. ओळीतून कुणीतरी ओरडलं, अगं पाणी चाललंय. तिनं हात काढला नाही. ती पाराकडं बघत होती. तानाजीनं पाईप दुमडून धरला. बंकटला काही कळेना, तो एकदा सुनेकडं, एकदा पाराकडं बघत होता. छबुबाई खाली बघत होती. सुंदररावानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि अर्जुनरावांकडं बघून मिटलं. ओळीच्या टोकाला सत्यशीलानं घागर खाली ठेवली, ती दगडावर वाजली.

अर्जुनराव उठले. पारावरून खाली उतरायला त्यांना थोडा वेळ लागला, त्यांचेही गुडघे आता पूर्वीसारखे नव्हते. बंकटच्या समोर येऊन ते उभे राहिले. बोलताना मात्र ते टँकरच्या चाकाकडं बघत होते.

"पिण्याचं पाणी घातलं न्हाई तुमी. म्या आज माती बघितली. आदी बघायला पायजे होती, बंकटराव."

कुणी हसलं नाही. दुमडलेल्या पाईपच्या घडीतून थेंब थेंब गळत होते आणि खाली मातीत खड्डा पडत होता.

बंकटनं काठी संगीताच्या हातात दिली. मग वाकून, दुखरा पाय लांब सोडून, त्यानं स्वतःच कळशी उचलली आणि पाईपाखाली धरली. जन्मात त्यानं पाणी भरलं नव्हतं, ते बायांचं काम. तानाजीनं पाईप सोडला. कळशी जड होत गेली तशी बंकटच्या दंडावरची शीर वर आली. ती काठोकाठ भरू दिली त्यानं.

ड्रम भरला, चिरेच्या खाली पाणी असतानाच बाजूला घेतला गेला. ओळ पुढं सरकली. बंकटनं कळशी खांद्यावर घेतली होती आणि तो निघाला होता. संगीता म्हणाली, द्या मामा, मी घेते. त्यानं ऐकलं नाही. प्रत्येक पावलाला पाणी हिंदकळून त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. ती काठी घेऊन त्याच्या मागं, त्याच्याच चालीनं चालत राहिली.